जोडाईच्या वेळी लोखंड कोण धरणार? स्विचचे चुंबक घेताना काय पाहावे

परभणीहून जिंतूर, गंगाखेड, पाथरी, वसमत अशा कोणत्याही रस्त्याला लागा, वस्ती संपता संपता वेल्डिंगची दुकाने सुरू होतात. दुकानापुढे लाल ऑक्साईड मारलेली गेट उभी असतात, खिडक्यांच्या जाळ्या पडलेल्या असतात, ट्रॅक्टरची एखादी ट्रॉली उलटी करून ठेवलेली असते. मृग जवळ आला की कोळपी, वखर आणि तिफणी दुरुस्तीला येऊन पडतात. फेब्रुवारीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाच्या आधी दुकाने लावणाऱ्यांचे लोखंडी सांगाडे करून देण्याची घाई असते. आमच्या समाजातील पुष्कळ घरांची रोजी या धंद्यावर चालते. बापाने लोहाराचा भाता चालवला, मुलाने वेल्डिंगचे मशीन घेतले, अशी घरे जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील.

या दुकानांतून एक गोष्ट मात्र हमखास पाहायला मिळते. उस्ताद रॉड होल्डरमध्ये लावून बसलेला असतो आणि समोर एक शागीर्द दोन्ही हातांनी चौकोनी पाइप धरून उभा असतो. उस्ताद म्हणतो, "डोळे मीट." पोरगा मान फिरवतो, डोळे मिटतो आणि ठिणगी पडते. मान फिरवली की हात हलतो, हात हलला की कोन चुकतो. मग हातोडी मारून कोन सरळ करायचा, नाही जमले तर टाका ग्राइंडरने कापून पुन्हा जोडायचा. त्या पोराच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखे होते, पाणी वाहते, झोप लागत नाही. सकाळी तो कामावर येत नाही आणि उस्ताद म्हणतो, हल्लीची पोरे कामचुकार झाली.

आमचा धंदा कापडाचा. लोखंडाशी आमचा संबंध गिऱ्हाईक म्हणून. दुकानातील मांडण्या, कपडे टांगण्याचे स्टँड, शटर, गोदामाची जाळी ही सगळी कामे आम्ही वर्षानुवर्षे वेल्डिंगवाल्यांकडून करून घेत आलो. एकदा करून घेतलेल्या मांडणीचा सांगाडा चार कोनांपैकी दोन कोनांत असा तिरपा आला की फळ्या बसेनात. कारीगर हुनरवाला होता, लोखंडही चांगले होते, पण जोडताना धरायला नीट सोय नव्हती. तेव्हापासून लोखंड धरण्याच्या साधनांची चौकशी आम्ही करीत आलो. जे कळले आणि कारीगरांबरोबर बसून जे तपासले, ते व्यापारी आणि कारीगर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

चुंबक ही शिंप्याची टाचणी

शिंपी दोन पदर मशीनखाली सरकवण्यापूर्वी टाचणी लावतो किंवा धावदोरा घालतो. टाचणीचे काम शिलाई करणे नव्हे, पदर जागेवर धरणे एवढेच आहे. सुई जवळ आली की टाचणी काढून घ्यावी लागते, नाही तर सुई मोडते. वेल्डिंगमध्ये चुंबकाचे काम नेमके असेच असते. ज्याला आमच्या उर्दू शाळेत मकनातीस म्हणत आणि मराठी पुस्तकात लोहचुंबक, तो चुंबक दोन तुकडे ठरलेल्या कोनात धरून ठेवतो. दोन टाके पडले की त्याचे काम संपले. हे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

बाजारात या कामासाठी दोन जातींचे चुंबक मिळतात. पहिला साधा, बाणाच्या आकाराचा. त्यात दोन पत्र्यांच्या मध्ये काळा फेराइट चुंबक बसवलेला असतो आणि त्याच्या बाजूंवर ४५, ९० आणि १३५ अंशांचे कोन मिळतात. तो कायम चालू असतो. दुसरा स्विचचा. त्याच्यावर मूठ, कळ किंवा बटण असते. फिरवले की पकडतो, उलट फिरवले की सोडतो. साधा चुंबक आता बहुतेक दुकानांत आला आहे. स्विचचा घ्यावा की नाही आणि घ्यायचा तर कोणता, यावर कारीगरांत अजून गोंधळ आहे.

स्विच फिरवला की आत काय होते?

वीज नाही, सेल नाही, तरी चुंबक बंद कसा होतो, असे कारीगर विचारतात. यात जादू नाही. चुंबकाची शक्ती बंद होत नसते, तिची वाट बदलते. एका जातीच्या चुंबकात गोल चकतीच्या आकाराचे दोन चुंबक एकावर एक ठेवलेले असतात. खालचा पक्का बसवलेला, वरचा फिरणारा. दोन्हींचे उत्तर टोक एका बाजूला आणि दक्षिण टोक दुसऱ्या बाजूला आले की त्यांची शक्ती मिळून बाहेरच्या लोखंडी कवचातून खाली उतरते आणि कामाचे लोखंड पकडते. वरचा चुंबक अर्धा फेरा फिरवला की एकाचे उत्तर दुसऱ्याच्या दक्षिणेवर येते, दोघांची शक्ती आतल्या आत एकमेकांत जिरते आणि बाहेर काही उरत नाही.

लेथवर काम करणाऱ्यांना याची दुसरी जात आधीपासून माहीत आहे. डायल गेज उभा करण्यासाठी जो चुंबकी पाया वापरतात, त्यात लोखंडाचे दोन भाग आणि मध्ये पितळेसारखी चुंबक न पकडणारी धातू असते. आतला चुंबक पाव फेरा फिरवला की कधी तो दोन्ही भागांना वेगवेगळे टोक देतो, कधी एकाच भागातून वाट पुरी करतो. तत्त्व तेच.

हे चुंबक एवढे लहान आणि एवढे जोरदार झाले त्यामागे निओडिमियम आहे. १९३० च्या दशकात जपानच्या तोकुशिची मिशिमा यांच्या कामातून ॲल्युमिनियम, निकेल आणि लोखंडाच्या मिश्रणाचे चुंबक पुढे आले. पुढे त्यात कोबाल्ट मिसळला गेला आणि त्याला अल्निको म्हणू लागले. त्यानंतर स्वस्त फेराइट आला. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानात मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी तयार केला. मुठीत मावणारा स्विचचा चुंबक एवढा ओढतो तो याच्यामुळे. पण या जातीला दोन खोडी आहेत, त्या पुढे येतील.

इन्व्हर्टर मशीन आणि चुंबकाचे भांडण

पूर्वी आपल्याकडे तेलाचे किंवा हवेवर थंड होणारे जड ट्रान्सफॉर्मर मशीन असे. ते एसी करंटवर चाले. आता खांद्याला अडकवून नेता येणारे इन्व्हर्टर मशीन घरोघर झाले आहे आणि ते बहुधा डीसी करंट देते. काम सुबक होते, विजेचे बिल कमी येते, पण एक नवी अडचण आली. चुंबक जवळ असला की डीसीची ठिणगी एका बाजूला वाकते. टाका सांध्यावर न पडता शेजारी पडतो, छर्रे उडतात, सांध्याच्या पोटात पोकळी राहते. वरून रंग मारला की दिसत नाही, पण ट्रॉलीत ऊस भरला की तोच सांधा उघडा पडतो.

एसीमध्ये करंटची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, म्हणून ठिणगीला एका बाजूला वाकायला सवड मिळत नाही. त्यामुळे जुन्या उस्तादांना हा त्रास फारसा माहीत नाही. ते नव्या पोराला म्हणतात, तुझा हात कच्चा आहे. कधी हात कच्चा असतोही, पण पुष्कळदा दोष जवळ ठेवलेल्या चुंबकाचा असतो.

उपाय टाचणीचाच. चुंबक सांध्यापासून निदान दोन-तीन इंच लांब लावा. दोन टोकांना दोन छोटे टाके मारा. मग चुंबक बंद करून काढून घ्या आणि नंतर पूर्ण जोडाई करा. साध्या बाण-चुंबकालाही हाच नियम आहे, पण तो निघता निघत नाही. कारीगर त्याला हातोडी मारतात. एका कच्च्या टाक्यावर उभा असलेला कोन त्या हातोडीने हलतो आणि फेराइट ठिसूळ असल्याने चुंबकही तडकतो. आमच्या मते स्विचचा खरा फायदा इथे आहे. जोर जास्त हा फायदा दुय्यम. हवा तेव्हा हलक्या हाताने सुटतो, ही त्याची किंमत.

डब्यावरचा आकडा आणि खरी पकड

कपड्याच्या बाजारात गठ्ठ्यावर एक मीटर जास्त लिहिलेले असते आणि मोजल्यावर कमी भरते, हा अनुभव व्यापाऱ्यांना नवा नाही. चुंबकाच्या डब्यावरच्या आकड्याचे थोडे वेगळे आहे. तो खोटा नसला तरी तुमच्या कामाचा नसतो. २५ पौंड, ५० पौंड, ७५ पौंड असे लिहिलेले असते. सव्वादोनने भागले की साधारण किलो निघतात, म्हणजे ११, २२ आणि ३३ किलो. हा आकडा जाड, सपाट, स्वच्छ लोखंडावर चुंबक लावून सरळ वर ओढल्यावर मिळालेला असतो. आपल्या दुकानात यातले काहीच नसते.

पहिली गोष्ट जाडीची. खिडकीच्या जाळीला आपण १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पाइप वापरतो. एवढ्या पातळ पत्र्यात चुंबकाची सगळी शक्ती मावत नाही. तिचा बराच भाग पत्र्याबाहेर निसटतो आणि पकड कितीतरी कमी होते. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ आणि १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. तिथे पकड वाढत जाते. पाच-सहा मिलिमीटरचा अँगल किंवा पट्टी असेल तर लहान चुंबक आपला आकडा बऱ्यापैकी गाठतो. म्हणून पातळ पाइपचे काम करणाऱ्याने निव्वळ मोठा आकडा पाहून मोठा चुंबक घेण्यात अर्थ नाही. त्याला रुंद तळाचा, शक्ती जास्त जागेवर पसरवणारा चुंबक उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट अंतराची. गंज, रंग, गिरणीतून आलेली काळी पापडी, ग्राइंडरचा कीस हे सगळे चुंबक आणि लोखंड यांच्यामध्ये येते. कागदाएवढे अंतरही पकड घटवते. गोल पाइपवर तर सपाट तळ एका रेघेवरच टेकतो. गोल पाइपचे काम जास्त असेल तर व्ही आकाराची खाच असलेला तळ मागावा.

तिसरी गोष्ट दिशेची. चुंबक सरळ ओढून काढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा जोर त्याला बाजूला सरकवायला पुरतो. २२ किलो लिहिलेला चुंबक उभ्या खांबाला लावला आणि त्यावर पाच किलोचा आडवा पाइप टेकवला, तर तो घसरू शकतो. म्हणून जड आडव्या तुकड्याला खालून विटेचा, घोडीचा किंवा स्टँडचा आधार द्यावा. चुंबकाने कोन सांभाळायचा, वजन आधाराने झेलायचे.

त्याच कारणाने, धरायच्या चुंबकाने वजन उचलू नये. उचलण्याचे चुंबक वेगळे असतात आणि त्यात सुरक्षिततेसाठी जास्तीचा जोर राखलेला असतो. डोक्यावर लोखंड टांगून खाली माणूस उभा करणे कोणत्याही चुंबकाच्या भरवशावर ठीक नाही.

कोणत्या धातूला चालतो?

साधे लोखंड, अँगल, चॅनल, पट्टी, जीआय पाइप, यांना चुंबक चालतो. जीआयवर जस्ताचा थर असला तरी तो पातळ असल्याने पकड राहते. मात्र जीआय जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो नाकातोंडात जाऊ देऊ नये. सांध्याजवळचा थर आधी घासून काढावा आणि उघड्यावर काम करावे. कोळप्याची पास किंवा कमानपाट्याचे कडक पोलाद चुंबक धरतो, पण असे पोलाद स्वतः थोडे चुंबकी होऊन बसते आणि नंतर त्यावर कीस चिकटत राहतो.

जिन्याच्या कठड्याला लागणारे स्टेनलेस बहुधा ३०४ जातीचे असते. त्याला चुंबक चिकटत नाही किंवा वाकवलेल्या भागावर अगदी किंचित चिकटतो. ४३० जातीचे स्टेनलेस चुंबक पकडतो. ॲल्युमिनियम, पितळ आणि तांब्याला चुंबकाचा उपयोग नाही. ज्याचे निम्मे काम स्टेनलेसच्या कठड्यांचे आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे आहे, त्याने चुंबकावर पैसे घालण्याऐवजी चांगले शिकंजे आणि कोनाचे क्लॅम्प घ्यावेत.

उष्णतेचे वैर

निओडिमियमची पहिली खोड म्हणजे तो उष्णतेला भितो. साधारण दर्जाचा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला की शक्ती गमावू लागतो आणि थंड झाल्यावर ती सगळी परत येईल असे नाही. ३१० अंशांच्या आसपास तर त्याचे चुंबकत्वच जाते. जास्त उष्णता सोसणाऱ्या जाती आहेत, पण त्या महाग असतात. फेराइट अडीचशे अंशांपर्यंत टिकतो, म्हणून बाण-चुंबक वेल्डिंगच्या रगाड्यात तग धरतो. सांधा तापून लाल झालेला असताना स्विचचा चुंबक शेजारी चालू ठेवणे म्हणजे नवा कपडा तव्यावर टाकणे. टाका मारला की काढा आणि थंड जागी ठेवा.

दुसरी खोड किमतीची. या चुंबकांच्या धंद्यावर चीनचा मोठा ताबा आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ धातू आणि त्यांच्यापासून होणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि भारतातल्या वाहन कारखान्यांपर्यंत त्याची झळ पोचली. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातच असे चुंबक तयार व्हावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परभणीच्या वेल्डरला या बातम्या दूरच्या वाटतील, पण जिथे माल एकाच देशातून येतो तिथे भाव कधीही हलू शकतो, हे कापडवाल्यांना आणि सूतवाल्यांना सांगायला नको.

खरेदीला जाताना

असा माल परभणीत, नांदेडात, छत्रपती संभाजीनगरला शोधता येतो. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा सिकंदराबादच्या राणीगंजात गेलात तर निवड जास्त मिळते. भाव दुकानागणिक बदलतो, पण साधा बाण-चुंबक काही शे रुपयांत येतो आणि चांगला स्विचचा चुंबक त्याच्या कितीतरी पट पडतो, एवढे ध्यानात ठेवून जावे. घेण्यापूर्वी आमच्या सूचना अशा:

आपल्या कामाचे तुकडे पिशवीत घेऊन जा. एक १८ गेजचा चौकोनी पाइप, एक अँगल, एक गोल पाइप, तेवढे पुरे. दुकानदाराच्या जाड पाट्यावर चुंबक लावून दाखवला तर मान डोलवू नका, आपल्या पाइपवर लावून दाखवायला सांगा.

गुण्या बरोबर न्या. चुंबकाचा ९० अंशांचा कोन गुण्याला लावून उजेडाकडे धरा. फट दिसली तर ठेवून द्या. पकड कितीही जोरदार असली तरी वाकडा कोन जोरात धरून ठेवण्याने काम वाकडेच होते.

स्विच दहा-वीस वेळा फिरवून पाहा. फिरताना अडकतो का, चालू स्थितीत पक्का बसतो का, धक्क्याने आपोआप बंद होतो का, हे बघा. जाड हातमोजा घालून फिरवून पाहा, कारण काम हातमोज्यातच होणार आहे.

बंद करून बारीक खिळ्यांच्या डबीवर धरा. एखादा-दुसरा खिळा हलला तर चालेल, पण गुच्छ चिकटला तर स्विच पुरता बंद होत नाही.

कोपऱ्यात टाक्यासाठी जागा सोडलेली आहे का पाहा. आतला कोपरा कापलेला नसेल तर टाका मारताना चुंबकालाच जोडला जाईल. मूठ प्लास्टिकची असेल तर ती सांध्याकडे येत नाही ना, तेही बघा. छर्ऱ्यांपुढे प्लास्टिक टिकत नाही.

पक्के बिल घ्या आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. बिनबिलाच्या मालात दोन पैसे वाचतात आणि स्विच आठ दिवसांत सैल पडला तर सगळेच जातात.

कोणी घ्यावा, कोणी थांबावे

सगळ्यांनी स्विचचे चुंबक घ्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याकडे महिन्याला दोन-चार गेट येतात, एसी मशीन आहे आणि जागा मोकळी आहे, त्याला बाण-चुंबकांची एक जोडी आणि दोन सी-क्लॅम्प पुरतात. ज्याच्याकडे डीसी इन्व्हर्टर आहे, रोज चौकटी, मांडण्या, जाळ्या होतात आणि जो एकटा किंवा एका मदतनीसाबरोबर काम करतो, त्याला स्विचची जोडी परवडते. समजा, एका गेटला वीस सांधे आहेत आणि धरणे, हलणे, पुन्हा जुळवणे यात प्रत्येक सांध्याला तीन मिनिटे जातात. म्हणजे एका गेटमागे एक तास. महिन्याला पंधरा गेट केली तर पंधरा तास हाताशी येतात. ज्याला त्याला आपला तासाचा भाव माहीत असतो, हिशेब स्वतः करावा.

सुरुवात एका जोडीने करावी. चार एकदम घेण्याची गरज नाही. चौकटीचे दोन समोरासमोरचे कोन चुंबकांनी धरले की उरलेले दोन टेप लावून तपासता येतात. कोनाकोनी माप घ्यावे, दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट सरळ आहे. मोठ्या गेटला ३, ४, ५ चा जुना हिशेब लावावा. एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, तिरपे ५ फूट भरले की कोन बरोबर. चुंबक कितीही महाग असला तरी हे माप सोडू नये. जोडाई थंड होताना लोखंड ओढले जाते आणि तो ओढ चुंबकाच्या पकडीपेक्षा पुष्कळ मोठा असतो. म्हणून एकाच बाजूने पूर्ण सांधा न भरता समोरासमोर, थोडे थोडे भरत जावे.

सांभाळ आणि जपणूक

अर्थिंगचा चिमटा कामाच्या लोखंडाला लावावा, चुंबकाला कधी नाही. करंट चुंबकाच्या तळातून गेला तर तिथे खड्डे पडतात आणि पकड जाते. ग्राइंडर चालवताना स्विच बंद ठेवावा. बाण-चुंबकाला किसाची दाढी येते आणि ती पुसून निघत नाही, स्विचचा बंद केला की फडक्याने साफ होतो. हा फायदा मिळवायचा तर रोज संध्याकाळी तळ पुसण्याची सवय लावली पाहिजे.

चुंबक चालू करून दुसऱ्या लोखंडाजवळ नेताना बोटे मध्ये येऊ देऊ नयेत, तो झडप घालतो. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्याने हे हाताळू नयेत. मोबाइल आणि बँकेचे कार्ड वेगळ्या खिशात ठेवावे.

पैशाची सोय

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ हुनर धरले आहेत. त्यात लोहार, कुलूप बनवणारे आणि हातोडा व अवजारे करणारे यांचा समावेश आहे. ज्यांचे काम लोहारकीत बसते त्यांनी जवळच्या सेवा केंद्रात जाऊन चौकशी करावी. अर्जदार १८ वर्षांवरील असावा आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. मूळ प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असून दिवसाला ५०० रुपये मिळतात आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर मिळते. पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्जाचीही तरतूद आहे. ते घ्यावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण प्रशिक्षण आणि अवजारे हा कारीगराचा हक्क आहे, तो माहितीअभावी सोडू नये.

शेतीची अवजारे करणाऱ्यांसाठी आणखी एक दार आपल्याच शहरात आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात, म्हणजे आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, बैलांच्या अवजारांवर वर्षानुवर्षे संशोधन चालत आले आहे. कोळपे, पेरणीयंत्र करणाऱ्या कारीगरांनी तिथली अवजारे जाऊन पाहावीत. एकाच मापाची दहा कोळपी करायची झाली की चुंबक आणि साचा यांची खरी किंमत कळते, कारण दहावे कोळपे पहिल्यासारखे उतरले तरच दुकानदार पुन्हा मागणी देतो.

शेवटी त्या पोराविषयी

आम्ही व्यापाराच्या हिशेबाने लिहिले, पण सगळा हिशेब पैशाचा नाही. ठिणगीच्या प्रकाशाने डोळ्याच्या वरच्या पडद्याला सूज येते आणि तिचा त्रास काही तासांनी, बहुधा रात्री, सुरू होतो. बटाट्याच्या चकत्या आणि दूध घालण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे. रोज रोज डोळे मिटून धरायला लावणे हा उपाय नाही, कारण पापणी मिटली तरी चेहरा आणि मान भाजतातच. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हुनर शिकायला आलेल्या पोराला आपण लोखंडाचा शिकंजा करून ठेवतो आणि दोन वर्षांनी त्याला धरण्यापलीकडे काही येत नाही.

चुंबकाने ती जागा घेतली तर शागीर्दाचे दोन्ही हात मोकळे होतात. एका हातात त्याला काचेची ढाल देता येते, दुसऱ्यात गुण्या देता येतो. मापे घ्यायला, टाका बघायला, चूक ओळखायला शिकवता येते. ज्या उस्तादाच्या दुकानात शागीर्द धरायला नव्हे तर शिकायला उभा असतो, त्याच्या कामात बरकत असते असे आम्ही या बाजारात पाहत आलो आहोत. स्विचचे चुंबक घ्यायचे झाले तर त्याची किंमत पाइपच्या भावाशी ताडू नये. त्या पोराच्या डोळ्यांशी आणि हुनराशी ताडावी.